कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ आणि बघ्याची भूमिका

कुंडलिका नदीच्या एका काठावर रोहा आणि दुसऱ्या काठावर अष्टमी. दोन्ही गावांची नगरपरिषद एक, बाजारपेठ एक आणि पोटापाण्याचे मोठे साधनही एकच. ते म्हणजे धाटावची औद्योगिक वसाहत. रसायनांच्या कारखान्यांत, त्यांच्या कार्यालयांत, उपाहारगृहांत आणि साफसफाईच्या कंत्राटांवर काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांना अशा गावात अनोळखी राहण्याची सोय नसते. पाळीवरचा सुपरवायझर शेजारच्या आळीतला असतो, कंत्राटदार कोणाच्या तरी नात्यातला निघतो आणि संध्याकाळी सगळे एकाच बाजारात भाजी घेतात. अशा ठिकाणी एखाद्या स्त्रीला कामावर त्रास होत असेल, तर तो चारचौघांना ठाऊक असण्याचीच शक्यता अधिक. मात्र तक्रारअर्जावर साक्षीदारांची नावे लिहिण्याची वेळ आली, की ज्यांना ठाऊक आहे तेच चारचौघे ‘आपण बरे, आपले काम बरे’ म्हणून बाजूला होतात. मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींत याहून वेगळे घडते, असे मानण्याचे कारण नाही. तेथे नातीगोती नसतात, पण वार्षिक मूल्यमापन असते.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयी आपल्याकडे बरेच लिहिले जाते. त्यातला बहुतेक भाग तक्रार करणारी स्त्री आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो पुरुष, या दोघांभोवती फिरतो. तिसऱ्या माणसाचा विचार अपवादानेच होतो. हा तिसरा माणूस म्हणजे शेजारच्या टेबलावरचा कारकून, त्याच पाळीतला फिटर, कंपनीच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसलेला तंत्रज्ञ किंवा स्वागतकक्षातील सहकारी स्त्री. मराठीत त्याच्यासाठी नेमका शब्द आहे : बघ्या. हा बघ्या साक्षीदार आणि पुढे सोबती कसा होऊ शकतो, कायद्याने त्याला काय दिले आहे आणि काय दिलेले नाही, याची ही माहिती.

मध्ये पडलेली बाई

या विषयातील भारतीय कायद्याच्या मुळाशी जी स्त्री आहे, ती स्वतः दुसऱ्यासाठी मध्ये पडलेली होती, ही गोष्ट सहसा विसरली जाते. राजस्थानातील भटेरी गावची भंवरीदेवी ही राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करीत होती. गावातील बालविवाहांची माहिती देणे आणि ते होऊ नयेत यासाठी समजूत घालणे, हा तिच्या कामाचाच भाग होता. १९९२ साली तिने एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबविण्याचा प्रयत्न केला. गावाने तिच्यावर बहिष्कार घातला. कुंभारकाम करणाऱ्या या कुटुंबाची मडकी घेणेही बंद झाले. सप्टेंबर १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले.

ज्या कामासाठी सरकारने तिला नेमले, त्या कामामुळेच तिच्यावर हा प्रसंग ओढवला, आणि मालक या नात्याने सरकार तिच्या पाठीशी उभे राहिले नाही. या प्रश्नावर ‘विशाखा’ आणि अन्य संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. कृपाल यांच्या पीठाने निकाल दिला. न्या. मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. संसदेचा कायदा होईपर्यंत कायद्याप्रमाणेच बंधनकारक राहतील, अशी मार्गदर्शक तत्त्वे या निकालाने घालून दिली. तीच ‘विशाखा मार्गदर्शक तत्त्वे’.

या तत्त्वांत एक सूचना अशी होती, की तक्रार हाताळताना पीडितेलाच नव्हे, तर साक्षीदारांनाही त्रास दिला जाणार नाही किंवा भेदभावाची वागणूक मिळणार नाही, याची काळजी मालकाने घ्यावी. बघ्याला साक्षीदार होण्यापासून कोणती भीती रोखते, हे न्यायालयाने १९९७ मध्येच ओळखले होते, असे म्हणावे लागते.

न्यायालयाने सांगितले म्हणून कार्यालये हलली, असे मात्र झाले नाही. अनेक आस्थापनांनी समित्याच नेमल्या नाहीत. ज्यांनी नेमल्या, त्यांच्या अहवालानंतर पुन्हा खातेनिहाय चौकशी नव्याने सुरू होई आणि त्याच स्त्रीला तेच सारे दुसऱ्यांदा सांगावे लागे. ही कोंडी फोडण्याचे काम पुण्यातून झाले. ‘आलोचना’ या स्त्री-अभ्यास केंद्राच्या मेधा कोतवाल-लेले यांनी निरनिराळ्या राज्यांतील प्रकरणे मांडून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठीचा चौकशी अहवाल समजावा, असा आदेश २००४ मध्ये मिळाला आणि १९ ऑक्टोबर २०१२ च्या अंतिम निकालात राज्य सरकारांना त्यांच्या सेवानियमांत तशा दुरुस्त्या करण्यास सांगण्यात आले. स्वतः पीडित नसलेल्या व्यक्तीने, जे पाहिले ते योग्य ठिकाणी लिहून कळविले आणि पाठपुरावा सोडला नाही, याचे हे मोठे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे.

सगळ्यांदेखत

लैंगिक छळ बंद दाराआड होतो, असा सर्वसाधारण समज आहे. काही प्रकार तसे होतातही. पण त्यांची सुरुवात पुष्कळदा उघड्यावर होते. एखादी शेरेबाजी, कपड्यांवरून टिप्पणी, व्हॉट्सअ‍ॅपच्या कार्यालयीन गटावर टाकलेला अश्लील विनोद, फाईल देताना हात लांबविणे. आजूबाजूचे हसतात किंवा मान खाली घालतात. छळ करणारा माणूस या प्रतिसादाकडे बारकाईने पाहत असतो. आपल्याला येथे कोणी अडविणार नाही, हे त्याला त्या हसण्यातून कळते.

उघड्यावरच्या छळाचे भारतातील सर्वांत गाजलेले प्रकरण चंदीगडचे. १८ जुलै १९८८ रोजी एका ज्येष्ठ अधिकाऱ्याच्या घरी झालेल्या मेजवानीत पंजाबचे तत्कालीन पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी रूपन देओल बजाज या भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी स्त्रीशी असभ्य वर्तन केले. तेथे जमलेले पाहुणे राज्याच्या प्रशासनातील बडे अधिकारी आणि त्यांचे कुटुंबीय होते. बजाज यांनी वरिष्ठांकडे दाद मागितली. कारवाई झाली नाही, तेव्हा त्या पोलिसांकडे गेल्या. उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द ठरविला, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो पुन्हा उभा केला, १९९६ मध्ये गिल दोषी ठरले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी कायम केली. सनदी अधिकारी असलेल्या आणि सर्वांदेखत छळ झालेल्या स्त्रीला १७ वर्षे लागली. धाटावच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत रोजंदारीवर येणाऱ्या स्त्रीने यावरून काय अंदाज बांधावा?

महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण मेळघाटचे. हरिसाल येथील वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आपले जीवन संपविले. त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठ अधिकाऱ्याकडून होणाऱ्या छळाचे आरोप होते आणि त्याविषयी आणखी वरच्या अधिकाऱ्याला सांगूनही उपयोग झाला नाही, असे म्हटले होते. आरोप सिद्ध होणे न होणे हा न्यायालयाचा विषय. पण त्यानंतर वनकर्मचाऱ्यांनी जो संताप व्यक्त केला, त्यातील थोडासा जरी आधी कागदावर उमटला असता, तर काय झाले असते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही तो शिळा झालेला नाही.

माणसे गप्प का राहतात?

गप्प राहणारी सगळी माणसे भित्री किंवा निष्ठुर असतात, असे नाही. या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास अमेरिकेत सुरू झाला तो १९६४ मधील एका खुनानंतर. न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोवीज या तरुणीवर हल्ला झाला आणि ३८ जणांनी तो पाहूनही कोणी हालचाल केली नाही, अशी बातमी गाजली. त्या बातमीतील तपशील अतिरंजित होता, हे पुढे त्याच वृत्तपत्राने मान्य केले. पण तिच्यामुळे बिब लॅताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये केलेले प्रयोग आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. एका प्रयोगात, शेजारच्या खोलीतील माणसाला झटका आल्याचे ध्वनियंत्रावरून ऐकू येत होते. आपण एकटेच ऐकतो आहोत असे ज्यांना वाटले, त्यांच्यापैकी ८५ टक्के लोक झटका संपण्यापूर्वीच मदतीला धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटल्यावर हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. दुसऱ्या प्रयोगात खोलीत धूर सोडला होता. एकटा असलेल्या माणसाने ७५ टक्के वेळा वर्दी दिली. सोबत स्वस्थ बसून राहणारी दोन माणसे ठेवली, तेव्हा १० टक्केच जण उठले.

याचा अर्थ असा, की जबाबदारी अनेकांत वाटली गेली की कोणाच्याच वाट्याला पुरेशी येत नाही आणि इतर शांत आहेत हे पाहून ‘काही विशेष घडत नसावे’ असा प्रत्येकजण समज करून घेतो. कार्यालयातील विनोदाच्या वेळी नेमके हेच होते. प्रत्येकाला तो विनोद अश्लाघ्य वाटतो, पण इतरांना तो चालतो आहे, असेही प्रत्येकाला वाटते.

या संशोधनाची दुसरी बाजू अधिक आशादायक आहे. अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या तीन शहरांतील सार्वजनिक जागी झालेल्या २१९ भांडणांचे कॅमेऱ्यातील चित्रण अभ्यासून २०१९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एक त्रयस्थ माणूस मध्ये पडला होता, असे त्यात आढळले. म्हणजे मध्ये पडण्याची प्रवृत्ती माणसात आहे. रस्त्यावर ती दिसते, मग कार्यालयात ती कोठे जाते? रस्त्यावरच्या भांडणात आपली पगारवाढ त्या माणसाच्या हातात नसते, हे त्याचे साधे उत्तर आहे.

रस्त्यावरही धोका नसतो, असे नाही. २० ऑक्टोबर २०११ च्या रात्री मुंबईत अंधेरीच्या आंबोली भागात मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडविल्याबद्दल कीनन सांतोस आणि रूबेन फर्नांडिस या दोन तरुणांवर हल्ला झाला. दोघांनाही जीव गमवावा लागला आणि त्या वेळी रस्त्यावरील गर्दी पाहत राहिली. २०१६ मध्ये चार आरोपींना जन्मठेप झाली. ‘गप्प का बसलात, पुढे का झाला नाहीत’ असे सरसकट विचारणाऱ्यांनी हे प्रकरण आठवावे. पुढे होण्याच्या रीती अनेक आहेत आणि अंगावर जाणे ही त्यांतली केवळ एक.

काय करता येते?

छळ करणाऱ्याला थेट सुनावणे हा मार्ग दिसतो तेवढा सोपा नाही, आणि तो नेहमीच शहाणपणाचाही नसतो. त्याआधी विषय मोडण्याची युक्ती असते. साहेबाने एखादीला केबिनमध्ये विनाकारण थांबवून ठेवले असेल, तर सहकाऱ्याने ‘लेखापालांनी हिला बोलावले आहे’ म्हणून आत शिरणे. बसमध्ये नको त्या माणसाने शेजारची जागा अडविली, तर दुसऱ्या स्त्रीने ‘तू इकडे ये, मला तुझ्याशी बोलायचे आहे’ असे म्हणणे. यात कोणावर आरोप नाही, वाद नाही, पण तो क्षण मोडतो आणि ती एकटी नाही हे त्या माणसाला कळते. मालकाने पुरविलेले वाहन हेही कायद्याने कामाचे ठिकाणच आहे, हे येथे लक्षात ठेवावे.

प्रसंगानंतर तिच्याशी बोलणे हे सर्वांत कमी धोक्याचे आणि बहुधा सर्वांत परिणामकारक काम आहे. ‘मी पाहिले. ते बरोबर नव्हते. तुला काय करावेसे वाटते?’ एवढी तीन वाक्ये पुरतात. ‘तू एवढे मनाला लावून घेऊ नकोस’, ‘त्यांचा स्वभावच तसा’, ‘तू तेव्हाच का नाही बोललीस’ ही वाक्ये मात्र सहानुभूतीच्या सुरात म्हटली, तरी तिला गप्प बसविण्याचेच काम करतात. आपल्याकडे हा सल्ला बहुधा ज्येष्ठ स्त्री सहकारीच देतात. त्यांनी स्वतः पंचवीस वर्षे हाच मार्ग पत्करलेला असतो. त्यांना दोष देण्यापूर्वी त्यांना दुसरा मार्ग कोणी दाखविला होता, हेही विचारले पाहिजे.

मग नोंद. जे पाहिले-ऐकले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे : तारीख, वेळ, जागा, शक्य तितके मूळ शब्द आणि आणखी कोण उपस्थित होते. आपले मत त्यात मिसळू नये. मोबाईलवरील निरोप पुसू नयेत. तिच्या परवानगीवाचून चित्रीकरण किंवा माहिती इतरांना पाठवू नये. मदतीच्या भरात तिचे नाव गावभर होणे, हा अष्टमीसारख्या गावात दुसरा छळच ठरतो. या नोंदीचे मोल मोठे आहे. फौजदारी खटल्यात लागतो तसा संशयातीत पुरावा अंतर्गत समितीला लागत नाही. कोणाचे म्हणणे खरे असण्याची शक्यता अधिक, हे समिती पाहते. त्यामुळे घटनेच्याच दिवशी लिहिलेली त्रयस्थाची चार ओळींची नोंद पुष्कळदा पारडे फिरवू शकते.

आणि शेवटी, स्वतः बोलता येत नसेल तर ज्याला बोलता येईल त्याला सांगणे. येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. बोलण्याची जबाबदारी सर्वांवर सारखी नसते. कंत्राटावरच्या मजुराला उद्या फाटकावर ‘कामावर येऊ नकोस’ एवढे सांगितले की त्याचा विषय संपतो. कायम कामगार, कामगार संघटनेचा पदाधिकारी, अधिकारी, निवृत्तीला आलेला ज्येष्ठ यांची गोष्ट वेगळी. ज्याची नोकरी पक्की त्याने आधी तोंड उघडावे, हा साधा न्याय आहे. दुर्दैवाने व्यवहारात उलटेच दिसते. सर्वांत कच्च्या नोकरीच्या माणसाकडून सर्वांत मोठ्या धैर्याची अपेक्षा केली जाते.

कायद्यात सहकाऱ्याची जागा

विशाखा निकालानंतर १६ वर्षांनी संसदेने कायदा केला. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंध, मनाई आणि निवारण कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, किमान निम्मे सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. कंपनीची कार्यालये निरनिराळ्या ठिकाणी असतील, तर प्रत्येक ठिकाणी वेगळी समिती लागते. मुख्य कार्यालय मुंबईत असलेल्या कारखान्याने तेथील समितीकडे बोट दाखवून धाटावची जबाबदारी टाळता येत नाही. तसेच कर्मचारी या शब्दात रोजंदारी, हंगामी, कंत्राटी, शिकाऊ, इतकेच नव्हे तर विनावेतन काम करणारेही येतात. ‘ती कंत्राटदाराची बाई आहे, आमची नव्हे’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही.

दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातील गणेशमूर्तींचे लहान कारखाने, पापडाचे घरगुती उद्योग, दुकाने, दवाखाने आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी हीच वाट आहे. मूर्तीच्या हंगामात रात्रंदिवस रंगकाम चालणाऱ्या कारखान्यात पाच-सात माणसांत मालकच सुपरवायझर असतो. तेथे अंतर्गत समितीची अपेक्षा करणेच व्यर्थ.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. समितीला कारण पटल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत आणि त्यावर कारवाई ६० दिवसांत अपेक्षित आहे. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा अशी तात्पुरती सोय मागता येते. समितीला साक्षीदारांना बोलावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत आणि साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. पोलिसांकडे जाण्याचा मार्ग याशिवाय स्वतंत्रपणे खुला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ७५ वे कलम लैंगिक छळाला एक ते तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगते.

सहकाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. २०१३ च्या नियमावलीतील सहाव्या नियमानुसार, पीडित स्त्री शारीरिक अक्षमतेमुळे तक्रार करू शकत नसेल, तर तिचा नातेवाईक, मित्र किंवा सहकारी ती करू शकतो. याखेरीज अन्य कोणत्याही कारणाने तिला तक्रार करणे शक्य नसेल, तर घटनेची माहिती असलेली कोणतीही व्यक्ती तिच्या लेखी संमतीने तक्रार दाखल करू शकते. लेखी संमती हा शब्द येथे मोलाचा आहे. निर्णय तिचाच, पण अर्ज घेऊन जाण्याचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर देता येते.

खोट्या तक्रारीचा बागुलबुवा या विषयात हटकून उभा केला जातो. कायद्याचे १४ वे कलम दुष्ट हेतूने केलेल्या तक्रारीवर कारवाईची तरतूद करते, खोटी साक्ष देणाऱ्यालाही ते लागू आहे. पण तक्रार सिद्ध न होणे म्हणजे ती खोटी असणे नव्हे, हेही तेच कलम सांगते. जे पाहिले तेवढेच सांगणाऱ्या साक्षीदाराला या कलमाचे भय बाळगण्याचे कारण नाही.

भय आहे ते वेगळ्याच जागी. विशाखा तत्त्वांत साक्षीदाराला त्रास होऊ देऊ नये, असे शब्द होते. २०१३ च्या कायद्यात त्याच्या नावाची गुप्तता आहे, पण साक्ष दिल्याबद्दल होणाऱ्या सूडापासून त्याला वाचविणारे स्वतंत्र कलम नाही. बदली, रात्रपाळी, रोखलेली बढती, नूतनीकरण न झालेले कंत्राट यांविरुद्ध त्याने कोठे जावे? ही उणीव संस्थेने आपल्या धोरणात भरून काढावी लागते. नियमानुसार प्रत्येक मालकाने असे धोरण करणे अपेक्षितच आहे. त्यात साक्षीदारांविषयी दोन वाक्ये घालायला खर्च येत नाही.

आधार देणारे वातावरण

समिती नेमली, फलक लावला, की काम झाले अशी अनेक व्यवस्थापनांची समजूत असते. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात १२ मे २०२३ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या समजुतीवर कोरडे ओढले. देशातील ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांत अंतर्गत समितीच नसल्याच्या वृत्ताचा उल्लेख त्या निकालात आहे. त्याच प्रकरणाचा दुसराही धडा आहे. समितीने चौकशी घाईने उरकली आणि संबंधित प्राध्यापकाला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून त्याच्यावरील कारवाई न्यायालयाने रद्द केली आणि चौकशी पुन्हा करण्यास सांगितले. २००९ मधील तक्रारी २०२३ मध्ये पुन्हा पहिल्या पायरीवर आल्या. पीडितेच्या बाजूने उभे राहणे आणि चौकशी नि:पक्ष ठेवणे यांत विरोध नाही. दुसरे नसेल तर पहिले वाया जाते.

वातावरण घडते ते लहान गोष्टींतून. विभागप्रमुख अश्लील विनोदावर हसतो की ‘हे येथे नको’ म्हणतो. रात्रपाळी सुटल्यावर गाडी कोणत्या कोपऱ्यावर सोडते. समितीच्या सदस्यांची नावे मराठीत, दूरध्वनी क्रमांकांसह लावलेली आहेत की इंग्रजी फलक साहेबाच्या केबिनबाहेर आहे. वर्षभरात एकही तक्रार नाही, असे अभिमानाने सांगणाऱ्या संस्थेकडे जरा संशयानेच पाहावे. तेथे छळ नाही, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. तक्रारीवर विश्वास नाही, असाही होऊ शकतो.

परदेशात या दिशेने पुढचे पाऊल पडले आहे. अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाच्या अभ्यासगटाने २०१६ मध्ये, केवळ कायद्याची भीती घालणाऱ्या प्रशिक्षणाऐवजी त्रयस्थांनी कसे वागावे याचे प्रशिक्षण आजमावून पाहावे, असे सुचविले. शिकागो शहराने २०२२ पासून प्रत्येक कर्मचाऱ्याला दरवर्षी असे एक तासाचे प्रशिक्षण सक्तीचे केले. आपल्या कायद्यात मालकाने ठरावीक काळाने कार्यशाळा घ्याव्यात, असे म्हटले आहे. त्यांत सहकाऱ्यांची भूमिका शिकवावी, असे नाही. घेऊ नये असेही नाही.

एकजूट किती टिकू शकते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. आरोपीवर लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांसाठी तो सात वर्षांनी सुटला. अरुणा मात्र १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात होत्या. त्यांना कधीही न भेटलेल्या, नंतर रुजू झालेल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी ४१ वर्षांहून अधिक काळ त्यांची शुश्रूषा केली. २०११ मध्ये दयामरणाच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांची खरी आप्त म्हणून मान्यता दिली, ती केईएमच्या कर्मचाऱ्यांना. सहकाऱ्यांचे प्रेम असे असूनही, हल्ल्यापूर्वी त्या इमारतीत एकट्या स्त्रीच्या सुरक्षिततेची व्यवस्था कोणी केली नव्हती, हेही त्याच इतिहासात आहे.

अष्टमीतून अर्ज कोठे जातो?

गोवा प्रकरणाच्या पुढील सुनावणीत, ३ डिसेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमला जावा आणि त्याने स्थानिक समिती व तालुक्यांतील समन्वय अधिकारी नेमावेत, यासाठी मुदती घालून दिल्या. ज्या स्त्रीच्या आस्थापनेत समिती नाही, तिने अर्ज तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो आणि त्याने सात दिवसांत तो जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पोहोचवायचा असतो. रोहा तालुक्यातील अर्जदार स्त्रीला, किंवा तिच्या लेखी संमतीने अर्ज आणणाऱ्या सहकाऱ्याला, जिल्ह्याच्या ठिकाणी अलिबागला खेपा घालाव्या लागू नयेत, हाच या तरतुदीचा हेतू. अर्जाच्या सहा प्रती, जोडपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यावे लागतात. लिहिता येत नसेल, तर लिहून देण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचे नवे रूप ऑगस्ट २०२४ मध्ये आले. तातडीच्या प्रसंगी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असूनही समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तीच कसूर केल्यास दंड दुप्पट आणि परवानाही रद्द होऊ शकतो.